छतावरची तबकडी आणि दारातली तार

घरातल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत वाहिन्या पोहोचवण्याचे दोन मार्ग भारतात गेली वीस वर्षे शेजारी शेजारी चालत आले आहेत. पहिला केबलचा, ज्यात गल्लीतल्या खांबावरून आलेली तार खिडकीच्या फटीतून घरात शिरते. दुसरा डीटीएचचा, म्हणजे उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या सेवेचा, ज्यासाठी छतावर किंवा गच्चीच्या कठड्यावर एक लहान तबकडी बसवावी लागते. यांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न घर बदलताना, नवा टीव्ही घेताना किंवा केबलवाल्याशी खटका उडाल्यावर हमखास उभा राहतो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर दोनच गोष्टी विचारून शोधले जाते: महिन्याला किती पडतात आणि वाहिन्या किती दिसतात. एके काळी हे दोन प्रश्न पुरेसे होते. आता दरांचे नियम दोन्हींना एकच लागू आहेत, प्रसारकाने ठरवलेली वाहिनीची कमाल किंमत दोन्हीकडे सारखी आहे आणि वाहिन्यांच्या यादीतही फारसे अंतर उरलेले नाही. खरा फरक शेवटच्या काही शे मीटरांत आहे. तिथे तार आहे की मोकळे आकाश, त्या टप्प्यावर पाऊस, वीज आणि इमारत कोणत्या अडचणी आणतात आणि बिघाड झाला तर तो काढायला कोण येणार, यांवर ग्राहकाचे समाधान ठरते.

केबल जमिनीवरून येते आणि डिश आकाशातून, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वाहिनी प्रवासाला निघते ती बहुधा दोन्ही बाबतींत उपग्रहाच्याच वाटेने. विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला पृथ्वीप्रदक्षिणेला तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा भासतो. अशा उपग्रहाला भूस्थिर उपग्रह म्हणतात, आणि एकदा त्याच्याकडे रोखलेली तबकडी पुन्हा हलवावी लागत नाही याचे कारण हेच. प्रसारक आपली वाहिनी अशा एखाद्या उपग्रहाकडे पाठवतो आणि उपग्रह ती परत जमिनीकडे फेकतो. केबलच्या वाटेत हे संकेत बहुधा सी बँड नावाच्या लहरींवर येतात, ज्यांची लांबी सात-साडेसात सेंटीमीटर असते आणि ज्या टिपायला आठ ते बारा फूट व्यासाच्या तबकड्या लागतात. डीटीएच कंपनी मात्र सगळ्या वाहिन्या स्वतःच्या केंद्रात गोळा करून, त्यांची एकत्र मोट बांधून केयू बँडवरून, म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या आखूड लहरींवरून, पुन्हा उपग्रहाकडे पाठवते. आखूड लहरी आणि उपग्रहावरचा शक्तिशाली प्रक्षेपक या दोहोंमुळे घरच्या छतावर साठ सेंटीमीटरांची तबकडी पुरते, आणि लहरींच्या याच आखूडपणाची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते.

केबलच्या साखळीत कड्या जास्त असतात. मोठ्या तबकड्यांनी वाहिन्या टिपणारे केंद्र म्हणजे हेडएंड. धंद्यातली माणसे त्याला सरसकट कंट्रोल रूम म्हणतात. हे केंद्र चालवणाऱ्या कंपनीला बहुप्रणाली चालक किंवा एमएसओ असे नाव आहे. हॅथवे, डेन, जीटीपीएल, सिटी ही त्यांतली परिचित नावे. इथून वाहिन्या प्रकाशतंतूंच्या मुख्य वाहिनीतून भागाभागांत जातात, तिथे एका पेटीत प्रकाशाचे रूपांतर पुन्हा विद्युत संकेतात होते आणि पुढचा प्रवास जाड काळ्या कोॲक्सियल तारेतून सुरू होतो. तारेत संकेत जसजसा पुढे जातो तसतसा क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर तो वाढवणारे ॲम्प्लिफायर बसवलेले असतात आणि त्यांना वीज लागते. ही वीज पुष्कळदा वाटेतल्या एखाद्या दुकानातून किंवा घरातून घेतलेली असते. शेवटच्या टप्प्याचा मालक एमएसओ नसून स्थानिक केबलचालक असतो. ज्याला घरोघरी केबलवाला म्हणतात तो हाच; घराघरांत तार ओढणे, वर्गणी गोळा करणे आणि तक्रार आली की शिडी घेऊन येणे ही कामे त्याची. त्याची सरकारी नोंदणी १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायद्याखाली अनेक वर्षे डाकघरात होत असे. २०२५ पासून ती ऑनलाइन झाली.

डीटीएचच्या साखळीत उपग्रह आणि ग्राहक यांच्यामध्ये माणूसच नाही. तबकडीवर पडलेल्या लहरी तिच्यासमोर दांड्यावर बसवलेल्या एका लहान नळीसारख्या भागात एकवटतात. एलएनबी नावाचा हा भाग त्या लहरींची वारंवारता खाली उतरवतो, म्हणजे त्या साध्या तारेतून घरात नेता येतात, आणि घरातला सेट टॉप बॉक्स त्यांतून चित्र उलगडतो. तबकडी नीट पाहिली तर ती उपग्रहापेक्षा बरीच खाली, समोरच्या इमारतीकडे रोखल्यासारखी दिसते. हा भास आहे. तिचा आकार मुद्दाम असा घडवलेला असतो की वरून तिरकस येणारी लहर परावर्तित होऊन मध्यभागी न येता खालच्या बाजूला, एलएनबीवर एकवटावी. त्यामुळे तिचा चेहरा जिकडे दिसतो त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते. समोरचे झाड तबकडीच्या रेषेत दिसत असूनही चित्र स्वच्छ येते, किंवा वरच्या मजल्यावरचा पत्रा वरकरणी आड येत नसूनही संकेत मिळत नाही, या दोन्ही कोड्यांचा उलगडा यातच आहे.

दिशेचा मुद्दा शहरातल्या ग्राहकासाठी फार महत्त्वाचा आहे आणि विक्रेते तो क्वचितच सांगतात. उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे महाराष्ट्रातून तो नेहमी दक्षिण अर्ध्या आकाशात दिसतो. शिवाय भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह मुंबईच्या रेखांशापेक्षा पूर्वेला आहेत. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून त्याची दिशा दक्षिणेकडून थोडी पूर्वेला आणि उंची क्षितिजापासून सुमारे ६५ अंश. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची निःशुल्क सेवा ज्या जीसॅट-१५ वरून येते तो ९३.५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला. १०८.२ अंशांवरचा एसईएस-७, ज्यावरून एअरटेलची सेवा येत आली आहे, आणखी पूर्वेकडे आणि बराच खाली, सुमारे ४४ अंशांवर. याचा व्यावहारिक अर्थ असा की ज्या सदनिकेची गॅलरी फक्त उत्तरेला किंवा पश्चिमेला उघडते, तिथे गॅलरीत तबकडी लावून कोणतीही डीटीएच सेवा मिळणार नाही. गच्चीवर जागा मिळाली आणि सोसायटीने तिथून तार खाली आणू दिली तरच ती शक्य. पूर्वेला उंच इमारत असेल तर ८३ अंशांवरची सेवा चालेल आणि १०८ अंशांवरची अडेल, असेही घडते. डीटीएच घेण्याआधी गच्चीत जाऊन आग्नेयेकडचे आकाश पाहणे हे वाहिन्यांची यादी वाचण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

या दोन व्यवस्था अशा का घडल्या, हे त्यांच्या इतिहासावरून कळते. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे घराच्या कौलांवरचा ॲल्युमिनियमचा ॲन्टेना हाच एकमेव मार्ग होता. १९८० च्या दशकात मुंबईतल्या इमारतींत एका घरात व्हिडिओ कॅसेट लावून तिची तार इतर घरांत ओढण्याची चाल पडली. केबलचा जन्म सरकारी योजनेतून झाला नाही, तो असा जिन्याजिन्यांतून झाला. १९९१ च्या आखाती युद्धाची थेट चित्रे परदेशी वाहिनीवर दिसू लागली, त्याच वर्षी स्टार आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी या वाहिन्या उपग्रहावरून आल्या, आणि जिन्यातल्या तारा गल्ल्या ओलांडून शहरभर पसरल्या. मराठी घरांना या जाळ्याचा मोठा लाभ झाला तो १९९९ मध्ये अल्फा मराठी ही उपग्रह वाहिनी सुरू झाल्यावर; तीच पुढे झी मराठी झाली. थेट उपग्रहसेवेला मात्र सरकारने १९९७ मध्ये मनाई केली आणि नोव्हेंबर २००० मध्ये परवानगी दिली. डिश टीव्ही २००३ मध्ये, दूरदर्शनची निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये तेहतीस वाहिन्यांसह आणि टाटा स्काय ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाली. टाटा स्कायचेच नाव २०२२ पासून टाटा प्ले आहे.

डीटीएच आली तेव्हा केबल अजून ॲनालॉग होती आणि त्या काळातला फरक खरोखरच मोठा होता. ॲनालॉग पद्धतीत तारेतल्या एका कप्प्यात एकच वाहिनी मावत असे, त्यामुळे शंभराच्या आसपास पोहोचताच जागा संपे. चांगला कप्पा मिळावा म्हणून प्रसारक केबल कंपन्यांना पैसे मोजत आणि ज्याला तो मिळत नसे त्याची वाहिनी जुन्या संचांवर लागतच नसे. संकेत कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या येत, आवाज खरखरे, पण बातम्या कशाबशा कळत. सर्वांत गंभीर दोष हिशेबाचा होता. तारेतून सगळ्यांना सगळे दिसत असल्यामुळे प्रत्यक्षात किती घरे जोडलेली आहेत हे केबलवाला सांगेल तेवढेच, आणि घरांचा खरा आकडा वर पोहोचत नसल्यामुळे प्रसारकाचे पैसे आणि सरकारचा करमणूक कर दोन्ही बुडत. ग्राहक भरत असलेल्या पैशांतला कोणता भाग कुठे जातो, हे त्याला स्वतःलाही कळण्याची सोय नव्हती.

हे बदलण्याचा आधीचा एक प्रयत्न ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली आणि कोलकाता यांच्या काही भागांत झाला, आणि निर्णायक प्रयत्न २०११ च्या कायदादुरुस्तीने. चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही, तर पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांच्यासह अडतीस शहरांत ३१ मार्च २०१३ ही ॲनालॉग केबल बंद करण्याची मुदत ठरली. उरलेली शहरे आणि खेडी पुढच्या टप्प्यांत आली आणि अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. तेव्हापासून केबलच्या घरातही सेट टॉप बॉक्स आला. हा बॉक्स दोन कामे करतो. एक, एकाच कप्प्यात दाबून बसवलेल्या डझनभर डिजिटल वाहिन्या सुट्या करतो. दोन, ग्राहकाने कोणत्या वाहिन्यांचे पैसे भरले आहेत ते पाहून तेवढ्याच उघडतो. या दुसऱ्या कामाला सशर्त प्रवेश प्रणाली म्हणतात. कंपनीच्या केंद्रातून विशिष्ट बॉक्ससाठी सांकेतिक आज्ञा सुटते आणि रिचार्ज संपला की वाहिनी बंद पडते ती या आज्ञेमुळेच. केबल आणि डीटीएच यांच्यातली चित्राच्या दर्जाची जुनी दरी त्यानंतर बुजली. आज दोहोंतही उच्च दर्जाच्या म्हणजे एचडी वाहिन्या मिळतात आणि त्यांतला जो थोडाफार फरक दिसतो तो कंपनीने वाहिन्या किती दाबल्या आहेत यावर अवलंबून असतो, तार की तबकडी यावर नाही.

पाऊस आणि वीज यांच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग एकमेकांच्या उलट वागतात. पावसाचे थेंब काही मिलिमीटरांचे असतात. साडेसात सेंटीमीटरांच्या लहरीला ते फारसे अडवत नाहीत, पण अडीच सेंटीमीटरांच्या लहरीची बरीच ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. म्हणून आषाढातल्या मुसळधार सरीत डीटीएचचे चित्र आधी चौकोनांत फुटते आणि मग पडदा काळा होऊन त्यावर सिग्नल नसल्याची सूचना येते. डिजिटल पद्धतीत मुंग्यांचा मधला टप्पाच नाही. संकेत एका मर्यादेपर्यंत पुरतो तोवर चित्र पूर्ण स्वच्छ, आणि त्याखाली गेला की काहीच नाही. तबकडी नेमकी रोखलेली असेल आणि संकेताला भरपूर वाव असेल तर साध्या पावसात काही जाणवत नाही. पण वाऱ्याने ती एखाद्या अंशाने जरी हलली असेल तरी कोरड्या दिवसांत न दिसलेला दोष पहिल्या मोठ्या सरीत उघड होतो. त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर मे महिन्यातच तबकडीचे नटबोल्ट घट्ट करून घेणे आणि तारेच्या जोडावर पाणी जाणार नाही अशी टेप लावणे हे काम घराच्या पन्हळी दुरुस्त करण्याइतकेच आवश्यक समजले पाहिजे.

केबलच्या केंद्रातल्या मोठ्या तबकड्या लांब लहरींवर चालत असल्यामुळे पावसात टिकून राहतात, पण वाटेतला प्रत्येक ॲम्प्लिफायर विजेवर चालतो. घरात इन्व्हर्टर असूनही केबल गेलेली आहे, असा अनुभव ज्या भागांत भारनियमन होते तिथल्या घरांना नवा नाही. दोन गल्ल्या पलीकडे ज्या घरातून ॲम्प्लिफायरला वीज दिलेली असते तिथे अंधार असतो. तबकडीच्या घरात अशा वेळी इन्व्हर्टरवर टीव्ही बिनतक्रार चालतो. वादळात तर हा फरक अधिकच ठळक होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पडले. केबलची तार ज्या खांबांच्या आधाराने जाते ते खांब पडले की तीही त्यांच्याबरोबर जाते, आणि ती पुन्हा ओढायला वीजमंडळाचे काम आधी पूर्ण व्हावे लागते. यावर खरा उपाय म्हणजे घरापर्यंत प्रकाशतंतू, कारण त्यात वाटेत विजेची गरज लागत नाही. शहरांतले अनेक केबलचालक आता तेच करत आहेत.

सूर्यामुळे येणारा एक अडथळा मात्र दोघांनाही सारखाच सोसावा लागतो. वर्षातून दोनदा, महाराष्ट्रात मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य ठरावीक वेळी उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या प्रारणांत उपग्रहाचा क्षीण संकेत बुडून जातो. हा खंड काही मिनिटांचाच असतो आणि त्यासाठी कोणालाही बोलावण्याची गरज नसते.

वस्तीची रचना हा तुलनेतला असा मुद्दा आहे की त्यापुढे बाकीचे मुद्दे गौण ठरतात. केबल दाटीवर जगते. पुण्याच्या पेठेत किंवा गिरगावच्या चाळीत शंभर मीटर तारेवर पन्नास-साठ घरे जोडता येतात आणि तारेचा खर्च काही महिन्यांत वसूल होतो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या गावात वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात, एका वाडीत दहा-बारा घरे आणि दोन वाड्यांमध्ये व्हाळ, बागा, सडा. तिथे तार ओढणाऱ्याचे पैसे कधीच निघत नाहीत. मेळघाटातले पाडे आणि नंदुरबारची सातपुड्यातली गावे यांचीही हीच गोष्ट. उपग्रहाला मात्र अंतराचा हिशेब नसतो. वाडीतल्या शेवटच्या घरावर आणि मुंबईच्या गच्चीवर त्याची लहर सारख्याच खर्चात पडते. विखुरलेल्या वस्तीत टीव्ही पोहोचला तो तबकडीमुळे.

दरांच्या बाबतीत ग्राहकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ मध्ये आखलेली आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेली दररचना केबल आणि डीटीएच दोहोंना बंधनकारक आहे. तिच्यात बिलाचे दोन भाग आहेत. पहिला जाळ्याच्या वापराचा, ज्याला नेटवर्क कॅपॅसिटी फी म्हणतात. सुरुवातीला शंभर साध्या वाहिन्यांसाठी आणि २०२० पासून दोनशे वाहिन्यांसाठी तिची मर्यादा करांव्यतिरिक्त १३० रुपये होती. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा, ज्यांची किंमत प्रसारक स्वतः जाहीर करतो. त्या मर्यादेने, तीन मराठी वाहिन्या १९, १० आणि ५ रुपयांच्या धरल्या तर १३० आणि ३४ मिळून १६४, त्यावर अठरा टक्के कराचे २९ रुपये ५२ पैसे, आणि एकूण बिल १९३ रुपये ५२ पैसे. एवढ्यात हव्या त्या तीन सशुल्क वाहिन्या धरून दोनशेपर्यंत वाहिन्या येत. पण फार थोडी घरे असे बिल भरतात, कारण वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क कागदावर असला तरी विकले जातात ते गुच्छ, ज्यांना बाजारात पॅक म्हणतात. चार-पाच सुट्या वाहिन्यांच्या किमतीत पंधरा वाहिन्यांचा पॅक मिळतो असे दिसल्यावर कोणताही शहाणा माणूस पॅकच घेतो, आणि मग कधीही न लावलेल्या दहा वाहिन्यांचे पैसे वर्षानुवर्षे भरत राहतो. पॅकवरच्या सवलतीला मर्यादा घालून आणि १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये टाकायला मनाई करून ट्रायने यावर बंधन आणले, तरी मूळ दोष उरलाच आहे. ग्राहकाला निवड देण्यासाठी केलेला नियम निवड न करणाऱ्यालाच स्वस्त पडावा, ही या रचनेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने वापरशुल्कावरची मर्यादा काढून टाकली आणि ते ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना दिले. केलेली आकारणी जाहीर करणे मात्र बंधनकारक ठेवले. परिणामी दोन सेवांची तुलना करताना आता विचारण्याचा पहिला प्रश्न पॅकची किंमत हा नसून वापरशुल्क किती, हा आहे. दुसरा प्रश्न घरातल्या दुसऱ्या संचाचा. ॲनालॉग काळात एक स्प्लिटर लावला की स्वयंपाकघरातला जुना टीव्हीही चालत असे; आता दोन्ही मार्गांत प्रत्येक संचाला वेगळा बॉक्स आणि बहुधा वेगळी आकारणी लागते.

बॉक्सच्या संदर्भात ग्राहकाची अडवणूक आजही चालू आहे आणि ती दोन्हीकडे सारखीच आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते; सेट टॉप बॉक्स मात्र एका कंपनीचा दुसरीकडे चालत नाही, कारण प्रत्येकाची सांकेतिक प्रणाली वेगळी. केबलचा बॉक्स डीटीएचला तर चालत नाहीच, पण एका एमएसओचा दुसऱ्याला आणि एका डीटीएच कंपनीचा दुसरीलाही चालत नाही. केबलचा बॉक्स कोणत्याही केबलसेवेला आणि डीटीएचचा कोणत्याही डीटीएच सेवेला चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. ती अजून व्यवहारात उतरलेली नाही आणि जुने बॉक्स माळ्यावर साचत राहिले आहेत. म्हणून जोडणी घेताना बॉक्स विकत दिला की भाड्याने, सेवा सोडल्यास अनामत परत मिळेल का आणि हमी किती काळाची, हे पावतीवर लिहून घेणे अत्यावश्यक आहे.

केबलच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट आकड्यांत मावत नाही. केबलवाला त्याच गल्लीतला असतो. संध्याकाळी मालिकेच्या वेळी चित्र गेले तर त्याला फोन करता येतो, आणि तो बहुधा त्याच दिवशी येतो. जोडाची पिन काढतो, तारेचे काळवंडलेले टोक कापून नवे सोलतो, पुन्हा बसवतो आणि पाच मिनिटांत चित्र येते. डीटीएचची तक्रार दूरच्या केंद्रात नोंदली जाते, तिथून भेटीची वेळ मिळते आणि येणारा माणूस दर वेळी वेगळा असतो. याच्या उलट, केबलवाला उद्धट किंवा आळशी निघाला आणि त्या भागात दुसरा नसला, तर ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही. पावती न देणारे केबलवाले अजूनही आहेत, आणि पावती नसली की तक्रारही उभी राहत नाही. डीटीएचमध्ये पैसे थेट कंपनीकडे जातात आणि प्रत्येक रुपयाची नोंद राहते. शिवाय केबलकडे स्थानिक वाहिनी असते. शहरातल्या गणेश विसर्जनाची मिरवणूक, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, नगरपालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी, शाळेचे स्नेहसंमेलन हे सगळे त्या वाहिनीवर दिसते. देशभर एकच संच फेकणाऱ्या उपग्रहावर सांगलीच्या किंवा भुसावळच्या मिरवणुकीला जागा नसते. मराठी गावांच्या सार्वजनिक जीवनाची जी चित्रनोंद गेल्या तीन दशकांत झाली तिचा मोठा वाटा या छोट्या वाहिन्यांकडे आहे आणि ती जपली जावी अशी कुठलीच व्यवस्था नाही, ही खेदाची बाब आहे. इंटरनेटच्या बाबतीतही तारेचे पारडे जड आहे: तिच्यातून संकेत दोन्ही दिशांनी जाऊ शकतो, त्यामुळे त्याच केबलवाल्याकडून इंटरनेट घेता येते; घरची तबकडी मात्र फक्त ऐकू शकते, बोलू शकत नाही.

दरमहा पैसे भरणे ज्या घराला परवडत नाही किंवा पटत नाही, त्याच्यासाठी तिसरा पर्याय आहे आणि त्याची जाहिरात क्वचितच होते, कारण त्यात विकणाऱ्याला दरमहा काही मिळत नाही. डीडी फ्री डिश ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची सेवा. तबकडी आणि बॉक्स यांचा दीड-दोन हजारांचा एकदाचा खर्च, त्यानंतर काहीही नाही. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या तिच्यावर असतातच. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्यामुळे त्यांची यादी मात्र बदलत राहते. क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी तिच्यात एक विशेष गोष्ट आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी प्रसारकाने प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवता येईल. त्यामुळे भारताचा जो सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, तोच केबल किंवा खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीवर दिसत नाही; तिथे क्रीडावाहिनीचे पैसे भरावेच लागतात.

इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका पाहण्याची सोय वाढल्यापासून दोन्ही सेवांचे ग्राहक घटू लागले आहेत. सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते, ते मार्च २०२४ अखेर सुमारे सहा कोटी वीस लाखांवर आले. तरीही ज्या घरात आजी-आजोबा ठरलेल्या वेळी रिमोटचे एक बटण दाबून मालिका लावतात, ज्या वाडीत मोबाइलची रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तिथे तार किंवा तबकडी यांना पर्याय नाही.

दाट वस्तीत राहणाऱ्या, पावती देणारा आणि हाकेला येणारा केबलवाला लाभलेल्या घराने केबल सोडण्याचे काही कारण नाही, आणि तो प्रकाशतंतू घरापर्यंत आणत असेल तर मुळीच नाही. वाडी, पाडा, शेतावरचे घर, सतत वीज जाणारा भाग किंवा एकाच केबलवाल्याची मनमानी असलेली वसाहत यांच्यासाठी डीटीएच योग्य, आग्नेयेचे आकाश मोकळे असेल तर. बातम्या, सह्याद्री आणि भारताचे सामने एवढेच पाहणाऱ्या घराला फ्री डिश पुरते. आणि सेवा कोणतीही असो, येत्या रिचार्जच्या आधी आपल्या पॅकमधल्या वाहिन्यांची यादी कंपनीकडून मागवावी, घरातल्या सर्वांनी मिळून गेल्या महिन्यात ज्या एकदाही लावल्या नाहीत त्यांवर खुणा कराव्यात, आणि त्या वगळल्यावर बिल किती होते ते लेखी विचारावे.